अरेऱ्याच्या चढावरची हवा

मंगला एक्स्प्रेसने रत्नागिरीहून भोपाळला निघालेला माणूस एकाच प्रवासात समुद्राकाठून सह्याद्रीवर चढतो, तापीच्या खोऱ्यात उतरतो, सातपुड्याची खिंड ओलांडून नर्मदेकाठी येतो आणि शेवटी विंध्याच्या अंगावरून माळव्याच्या पठारावर पोचतो. नकाशात ही नुसती वेडीवाकडी रेघ आहे, पण अंगाला ती प्रत्येक टप्प्यावर वेगळी लागते. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागली, सदतीसात एक अशा चढाने ती थळ घाट चढू लागली, आणि इगतपुरीला फलाटावर उतरले तर हात शालीबाहेर काढवेना. भुसावळला तीच शाल घडी करून उशाला घेतली. होशंगाबादचं आता नर्मदापुरम झालं आहे. तिथला नर्मदेचा पूल मागे टाकून गाडी बुधनीजवळ सागाच्या जंगलात शिरली, घाट चढू लागली, आणि बरखेडा येईतो शाल पुन्हा खांद्यावर आली होती. मधे दुपार झाली, रात्र झाली, त्यामुळे सगळा फरक काही उंचीचा नव्हता. तरी दर चढाला गारवा वाढत होता हे समुद्राकाठी वाढलेल्या माझ्या अंगाने नेमकं टिपलं होतं.

आमच्या देवगडकडे उंची म्हणजे सडा. खाली खाडी, वर कातळ, मधे आंब्याच्या बागा. वरच्या आणि खालच्या हवेत फरक असतो तो वाऱ्याचा, थंडीचा नाही. म्हणून भोपाळची पहिली गोष्ट मला विलक्षण वाटली ती म्हणजे इथला तलाव. मोठा तलाव भरला की त्याची पातळी १६६६.८० फूट होते, आणि हा आकडा भोपाळच्या माणसाला तोंडपाठ असतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज ही पातळी छापतात, ती या आकड्याला टेकली की भदभदाचे दरवाजे उघडतात. म्हणजे समुद्रापेक्षा अर्धा किलोमीटर उंचावर इतकं पाणी, त्यात होड्या, काठावर मासे विकणारे! आमच्या सड्याचा माथासुद्धा या तळ्याच्या पाण्याखाली कुठल्या कुठे राहील.

अरेरा कॉलोनी या तलावाच्या दक्षिणेला, नव्या भोपाळात. ई-वनपासून ई-एटपर्यंत सेक्टर, प्रत्येक घरापुढे एखादं तरी मोठं झाड, आणि रस्ते कधी सपाट नाहीत. दस नंबर मार्केटहून निघावं तर उतार, बिट्टन मार्केटहून परतावं तर दम लागेल असा चढ. उत्तरेला अरेरा टेकडी, तिच्यावर बिर्ला मंदिर, वल्लभ भवन, विधानसभा. तिथेच हवामान खात्याचं केंद्र. दक्षिणेला जमीन शाहपुऱ्याच्या तळ्याकडे आणि पुढे कलियासोत नदीकडे उतरत जाते. टेकड्या विंध्याच्या लाल वालुकाश्माच्या. पाया खणताना हा दगड निघतो, त्याच्याच फरश्या कुंपणाला उभ्या केलेल्या दिसतात. माझी मावशी लग्न होऊन इथे आली ती इथलीच झाली. काका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गच्चीवरचा तापमापक अजून रोज पाहतात आणि वहीत लिहितात.

मी त्यांना पहिल्याच सकाळी विचारलं, "काका, आपण समुद्रापेक्षा वर आलो म्हणजे सूर्याच्या जवळ आलो ना? मग थंडी का वाढते?"

"सूर्याच्या जवळ तर तू तशीही आहेस," ते म्हणाले. "जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. चौदा कोटी एकाहत्तर लाख किलोमीटर. जुलैत पंधरा कोटी एकवीस लाख. पन्नास लाख किलोमीटर जवळ येऊनही आपण कुडकुडतो. तिथे अर्ध्या किलोमीटरचं काय घेऊन बसलीस?"

मग त्यांनी मला गच्चीवर नेलं. मावशीचा जुना सौर कुकर तिथे होता: काळ्या रंगाची पेटी, वर दोन काचा, झाकणाला आरसा. हवा बोचरी होती, पण पेटीतलं वरण रटरटत होतं. जिनिव्याच्या ओरास द सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात नेमकी अशीच काचेची पेटी बनवली आणि १७७४ साली ती आल्प्समधल्या क्रामोंच्या माथ्यावर वाहून नेली. वरची हवा थंड आहे ती सूर्य तिथे दुबळा आहे म्हणून का, हे त्याला पाहायचं होतं. माथ्यावर गारठा होता, तरी पेटीच्या आतला पारा जवळजवळ तितकाच चढला जितका खालच्या उबदार दरीत चढला होता. सूर्य वर दुबळा नव्हता. पुढे १७८७ मध्ये तो माँ ब्लाँच्या शिखरावरही यंत्रं घेऊन चढला. एका स्वयंपाकाच्या भांड्यासारख्या पेटीने एवढ्या मोठ्या गैरसमजाचा निकाल लावावा, आणि तीच पेटी अरेरा कॉलोनीच्या गच्चीवर वरण शिजवत असावी, याचं मला फार नवल वाटलं.

उन्हाचा बराचसा भाग हवेला न तापवताच तिच्यातून आरपार येतो. तापतो तो जमिनीवरचा दगड, डांबर, कौल, माती. जमीन मग आपल्याला चिकटलेल्या हवेला तापवते. म्हणजे हवेला ऊब येते ती खालून, वरून नाही. एवढं मला समजलं. पण मग तापलेली हवा वर जाते ना? गरम हवा वर चढते हे तर शाळेपासून ऐकलेलं. सगळी ऊब वरच साठायला हवी, गच्चीवर खालच्यापेक्षा गरम वाटायला हवं आणि हिमालयाच्या माथ्यावर तर भट्टीच असायला हवी. या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडकून होते. याचं उत्तर मिळाल्याखेरीज उंचीच्या थंडीची गोष्ट अर्धीच राहते असं मला आजही वाटतं.

उत्तर गल्लीत मिळालं. मुलं क्रिकेट खेळत होती. एका मुलाने जोरात आलेला चेंडू बॅट सैल धरून, किंचित मागे घेत थोपवला आणि चेंडू त्याच्या पायाशीच पडला. काका म्हणाले, "हे बघ. मागे सरणाऱ्या बॅटवर आपटलेला चेंडू आपला वेग गमावतो. हवेचे रेणू असेच."

हवेचे रेणू सेकंदाला चारपाचशे मीटर वेगाने धावत एकमेकांवर आपटत असतात आणि तो वेग म्हणजेच तिची ऊब. समुद्राकाठी हवेचा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो, भोपाळला ९५५ च्या आसपास, आणि साडेपाच किलोमीटरवर तो निम्मा होतो. वर चढणाऱ्या हवेच्या पुंजक्याभोवतीचा दाब असा कमी कमी होत जातो, म्हणून तो पुंजका फुगतो. फुगताना त्याला आजूबाजूची हवा बाहेर ढकलावी लागते. ढकलायला शक्ती लागते आणि ती त्याला बाहेरून कुणी देत नाही. रेणूंच्या धावण्यातूनच ती खर्च होते. त्यांचा वेग मंदावतो, हवा गार होते. कुणी तिची ऊब काढून घेतलेली नसते, ती स्वतःच फुगण्यापायी आपली ऊब घालवते. कोरडी हवा अशी दर किलोमीटर चढीला ९.८ अंशांनी गार होते, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ एक अंश. तीच हवा खाली आली की तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि तितकीच पुन्हा तापते.

संध्याकाळी काकांनी मला हबीबगंज नाक्याजवळच्या पंक्चरवाल्याकडे नेलं आणि ट्यूबचा वॉल्व्ह उघडताना त्यापुढे बोट धरायला सांगितलं. सुटणारी हवा बोटाला बर्फासारखी लागली. पंक्चरवाल्याला यात काहीच नवीन नव्हतं. त्याने उलट हवा भरायच्या पंपाचं बूड मला हाताने चाचपायला लावलं. ते चांगलंच कोमट होतं.

वर फुगून गार, खाली दबून गरम, हा व्यवहार आपल्या डोक्यावर दिवसभर चालू असतो आणि तो डोळ्यांनी दिसतोही. दुपारी बिट्टन मार्केटच्या वर घारी पंख न हलवता गोल गोल फिरत चढतात, त्या तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या खांबावर. केरव्याकडे गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे, ती गिधाडंही मोकळी झाली की याच खांबांवर विसंबतात. पण सर्वांत सुंदर पुरावा पावसाच्या तोंडावर दिसतो. जूनमध्येही मी इथे राहिले आहे. दुपारी अरेऱ्यावर कापसासारखे ढग येतात आणि सगळ्यांचं बूड एका पातळीत, काचेच्या तक्त्यावर मांडल्यासारखं सपाट असतं. देवगडला समुद्रावरून येणारे ढग विस्कटलेले आणि बुटके, त्यामुळे ही सपाटी मी कधी पाहिली नव्हती. काकांनी त्याचा हिशेब करून दाखवला. वर जाणारी हवा किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते, तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या अंशाला तिच्यातल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो, मात्र दोनेक अंशांनीच खाली येतो, म्हणून दोघांमधलं अंतर किलोमीटरला आठ अंशांनी मिटतं. जमिनीवर हवा छत्तीस अंश आणि दवबिंदू वीस असेल, तर सोळा अंशांचं अंतर दोन किलोमीटरवर संपतं. तिथे वाफेचे थेंब होतात, तिथून ढग सुरू होतो. म्हणून प्रत्येक ढगाचं बूड सारख्या उंचीवर. तापमापक आणि आर्द्रता पाहून खाली उभ्या माणसाने ढगाची उंची सांगावी, यापेक्षा मोठी जादू मी अजून पाहिलेली नाही.

ढग झाला की हिशेब बदलतो. वाफेचं पाणी होताना वाफेत दडलेली ऊब बाहेर पडते आणि चढणाऱ्या हवेला परत मिळते. त्यामुळे ढगातली हवा हळू गार होते, दमट उष्ण प्रदेशात तर किलोमीटरला चारपाच अंशांनीच. कोरडी हवा, ओली हवा, दिवस, रात्र यांची सरासरी काढून वातावरणशास्त्राची पुस्तकं साडेसहा अंश देतात. शिवाय वरचे थर आपली ऊब सतत अवकाशात सोडत असतात. ते तसं करतात म्हणूनच हे चक्र थांबत नाही.

हे वर जाऊन पाहायची माणसाची धडपड जीवघेणी होती. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल फुग्याच्या टोपलीत बसून नऊ किलोमीटरच्या आसपास पोचले. ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीने इतके बधिरले की झडपेची दोरी त्याने दातांनी ओढली आणि फुगा खाली आणला. पुढे पॅरिसजवळ लेऑं तेसरां द बोर याने यंत्रं बांधलेले शेकडो फुगे सोडले, आणि अकरा किलोमीटरच्या वर पारा उतरायचा थांबतो हे त्याला दिसलं. उन्हाने यंत्रं तापून चुकत असतील म्हणून त्याने रात्री फुगे सोडले, तरी तेच. १९०२ मध्ये त्याने ते जाहीर केलं. त्या वरच्या थरात ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून स्वतः तापतो. तिथे ऊब खालून येत नाही, म्हणून तिथला नियमही वेगळा. बैरागढला विमानतळाजवळ हवामान खात्याचं आणखी एक केंद्र आहे आणि तिथून असे यंत्र बांधलेले फुगे आजही सोडतात. जगभर फुगे सोडायची वेळ एकच, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. भोपाळ झोपेत असताना एक फुगा वरच्या हवेचा अंश न् अंश मोजत असतो.

एवढं समजल्यावर सकाळी दूधवाला आला तेव्हा मी त्याला सहज म्हटलं, "बहुत ठंड है इधर ऊपर." तो हसला. "ऊपर कहाँ, दीदी. नीचे कलियासोत तरफ आओ, हड्डी जम जाए."

काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या पहाटे दोन तापमापक घेऊन आम्ही निघालो. आधी टेकडीचा चढ, मग उतारावरून शाहपुऱ्याच्या पलीकडे, नदीच्या सखल भागात. खालचा पारा वरच्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी कमी होता. गवतावर दाट दव, आणि चुलींचा धूर कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला, वर जातच नव्हता.

मला धक्काच बसला, पण हाही त्याच कहाणीचा भाग. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते आणि हवेपेक्षा आधी थंड होते. तिला चिकटलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून सखल भागाकडे सरकते. सकाळपर्यंत खाली थंड हवा, तिच्यावर ऊबदार हवा, असा उलटा थर बसतो. वारा नसला तर हा थर कुणी ढवळत नाही. दिवसा जमिनीच्या उबेने हवा वरखाली फिरत राहते म्हणूनच वर गार, खाली गरम असा क्रम टिकतो. ते फिरणं थांबलं की क्रम उलटतो. आपल्या महाराष्ट्रात याची दोन उदाहरणं दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात आणि आपण ती नुसती वाचतो. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात दवाचे थेंब गोठतात, वरच्या बाजारपेठेत नाही. आणि निफाड तर डोंगरावर नाहीच, गोदावरीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख, तरी तिथला पारा कित्येकदा महाबळेश्वरच्याही खाली जातो. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, धुराचा थर धरतात, घड वाचवतात. त्यांना उलट्या थराचं शास्त्रीय नाव माहीत असो वा नसो, सखल बागेला आधी गारठा मारतो हे ते पक्कं जाणतात.

भोपाळमध्ये हा विषय इथेच थांबवता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र अशीच थंड होती, वारा मंद होता, जमिनीलगत हवा बसून राहिली होती. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट सुटलं. तो वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. भर उन्हाळ्याच्या दुपारी तो काही प्रमाणात वर ढवळला गेला असता. त्या रात्री तो जमिनीला धरून जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, रेल्वे स्टेशन असा पसरत गेला. माणसं जमिनीवर झोपलेली होती, आणि ज्यांनी पळ काढला ते सखल गल्ल्यांतून पळाले. छप्पन्न वॉर्डांपैकी छत्तीस वॉर्ड पुढे वायुबाधित ठरले. अरेरा कॉलोनी दूर, दक्षिणेला, मधे तलाव आणि टेकड्या. ती बहुतांशी वाचली. मावशीने त्या पहाटे माणसांचे लोंढे येताना पाहिले. तिने त्यांना पाणी दिलं, अंगणात सतरंज्या टाकल्या. हे सांगताना ती आजही थांबते. हवा ढवळते तेव्हा आपण जगतो, हे मला पुस्तकातून कधीच इतकं खरं वाटलं नव्हतं. अपराध हवेचा नव्हता, हेही इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. कारखान्यातली वायूची टाकी कुणी आणि कशी सांभाळली नाही, हा माणसांचा हिशेब आहे.

एक शंका उरली होती. उंची म्हणजे थंडी, तर मे महिन्यात भोपाळ चाळीस अंशांच्या पुढे का जातं, आणि समुद्रसपाटीवरचं देवगड तेहतीस-चौतीसवरच का राहतं? यावर काका म्हणाले की तुलना एकाच ठिकाणच्या खालच्या आणि वरच्या हवेची करायची, दोन गावांची नाही. देवगडच्या समुद्रावर अर्धा किलोमीटर वर गेलीस तर तिथली हवा खरंच थंड सापडेल. भोपाळला मात्र जमीनच अर्धा किलोमीटर वर आलेली आहे, आणि तापवणारी तर तीच. शिवाय तुमच्याकडे समुद्र आहे, तो दिवसाचं ऊन पोटात घेतो आणि पारा चढू देत नाही. इथे कोरडी माती, रात्री लवकर निवणारी आणि दिवसा लवकर तापणारी. माळव्याच्या रात्रीची सगळ्या हिंदुस्थानात कीर्ती आहे ती या कोरडेपणामुळे. पठाराची हवा गार वाटते तीही बहुधा रात्रीच.

पुढच्या आठवड्यात आम्ही पचमढीला जायचं ठरवलं आहे. पिपरियाहून रस्ता सातपुडा चढतो. पचमढी १०६७ मीटरवर, धूपगड १३५२, मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण. काकांनी वहीत आधीच मांडणी केली आहे. भोपाळपेक्षा धूपगड साडेआठशे मीटर वर, म्हणजे दुपारी सरासरीने साडेपाच अंश कमी, आणि हवा कोरडी आणि चांगली ढवळलेली असली तर आठच्या पुढेही. पहाटेसाठी मात्र त्यांनी जागा रिकामी ठेवली आहे. पचमढीभोवती डोंगर आहेत, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी थंड हवा गावात साचणार, असं मी म्हणते, आणि धूपगडाच्या माथ्यावर पारा गावापेक्षा दोन अंश वरच सापडेल. काकांच्या मते तिथे वारा असतो, तो थर बसू देणार नाही, आणि माथाच थंड राहील. दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत. तापमापक तीन घेतले आहेत, तिसरा पिपरियाच्या बसस्टँडसाठी.